पूजेसाठी धुतलेलं विमान

माझ्या दूर राहणाऱ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी धाकट्यानं मला फोनवर त्याचं अर्धवट जोडलेलं विमान दाखवलं. मग माझ्या मागच्या कपाटाकडे बोट करून त्यानं विचारलं की आजी, तुझ्या विमानावर खुणा का नाहीत. मी म्हटलं, जुनं झालं ना, गळून गेल्या. ते खोटं होतं. थोरलीनं तर ते विमान माझ्यानंतर तिला हवं, असं आत्ताच सांगून ठेवलं आहे. वस्तू मागणाऱ्याला तिची हकीकत माहीत असावी. बोलायला बसले तर मी पुन्हा सारवासारव करीन, म्हणून लिहिते आहे.

मी पुण्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आले. तुमचे आजोबा तिथे वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होते. त्यांची आई, म्हणजे तुमची पणजी, कर्जतकडची. सगळा जन्म शेतात काढून त्या मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि मला भाकरी थापता येत नव्हती. पहिल्या आठवड्यातच आम्ही दोघींनी एकमेकींचं उणं पाहून ठेवलं.

माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता. एका सुटीत तो होणाऱ्या भाच्यासाठी म्हणून विमानाचं किट घेऊन आला. भाचा काही होईना. खोका वर्षभर ट्रंकेत पडून राहिला. एका उन्हाळ्यात, दुपारचं झाकपाक झाल्यावर, मी तो स्वतःच फोडला.

आत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना पंख, चाकं, वैमानिकाची खुर्ची असे तुकडे लटकलेले. सोबत इंग्रजी सूचनांचा घडीचा कागद. लग्नानंतर माझ्या इंग्रजीचा पहिल्यांदा उपयोग झाला तो या कागदासाठी. मी तो धड्यासारखा वाचला. तुकडे ब्लेडनं कापायचे, कडा काचकागदानं घासायच्या, कोरडेच जुळवून पाहायचे आणि मगच गोंद लावायचा. आमच्याकडच्या उन्हात गोंदाच्या तारा निघत, म्हणून मी ती नळी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरून दोन्ही हातांनी ओढला की केसाएवढी तार निघते. ती शेपटापासून वैमानिकावरच्या काचेपर्यंत एरियल म्हणून लावायची. धाकट्या, हे तुला कुणी शिकवलं नसेल तर माझ्याकडून शीक. रंगाच्या डब्या संपल्या तेव्हा श्रीरामपूरच्या स्टँडजवळच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून मी ऑइलपेंट आणला आणि बशीत हिरव्यात तपकिरी मिसळून रंग जुळवला. भावानं पुढे आणखी किटं पाठवली. दोन वर्षांत मी तीन विमानं केली.

आत्याबाई दारात बसून निवडटिपण करत आणि बघत. शेजारीण आली की तिला सांगत, "आमच्या घरात खेळनी लई. खेळनारं तेवढं न्हाई." शेजारीण हसायची. मी मान वर न करता घासत राहायची. तुमचे आजोबा एरवी मला बरे वागवत, पण या वाक्याला तेही हसत. ते मी विसरलेले नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. कॉलनीत नळाला दिवसाआड पाणी येई आणि आत्याबाई त्याचा थेंबन् थेंब राखत. भांड्यांचं पाणी अळवाला, आंघोळीचं पाणी कपड्यांना. त्याच सुमारास कॉलनीच्या शाळेत इंग्रजी आणि हस्तकला शिकवायला शिक्षिका हवी असल्याचं कळलं. मला ती नोकरी हवी होती. इतकं मला त्याआधी काही हवंसं वाटलं नव्हतं. तुमच्या आजोबांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, दसऱ्याला बॉयलर पेटवायचा कार्यक्रम आहे, त्या दिवशी क्लबात छंदांचं प्रदर्शन भरणार आहे, हेडमास्तर परीक्षकांबरोबर असतील. तुला बक्षीस मिळालं तर मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. माझ्या नोकरीची गाठ त्यांनी अशी एका बक्षिसाशी मारली आणि मी कबूल झाले.

चौथं विमान मी त्यासाठी केलं. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, पोटाला फिकट आकाशी, पाठीवर हिरवे-तपकिरी पट्टे. सर्वांत शेवटी खुणा. त्या एका कागदावर छापलेल्या असतात. कागद पाण्यात भिजवायचा, मग पातळ पापुद्रा त्यावरून अलगद पंखावर सरकवायचा. लाल, पांढरी, निळी वर्तुळं, शेपटावरचा आकडा. दोन दिवस वाळू द्यायचं आणि मग वरून वार्निशचा हात, म्हणजे पुन्हा पाणी लागलं तरी धोका नाही. मी खुणा लावल्या अष्टमीला. वार्निश दसऱ्याच्या सकाळी लावायचं ठरवलं होतं. कागदावर दोन दिवस लिहिलं होतं, आणि मी कागदाबाहेर जाणारी बाई नव्हते.

मध्ये आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला तुमच्या आईनं सांगितलं असेल. आत्याबाईंनी पाट मांडला, आजोबांचे पाने आणि मोजपट्ट्या मागून घेतल्या, विळी, खुरपं, अडकित्ता काढला. मग मला विचारलं, "तुजं काय ठिवायचं?" मी क्लबात टेबल लावायला निघाले होते. माझं पूजेला ठेवण्यासारखं काही नाही, असं म्हणून मी चप्पल घातली.

दोन तासांनी परत आले. पाटावर पान्यांच्या आणि विळीच्या बरोबर मधोमध माझं विमान होतं. नाकावर हळदकुंकू, पंखांमध्ये झेंडूचं फूल. सगळं कसं चकचकीत धुतलेलं. बाजूला पितळेचं घंगाळ होतं, काठोकाठ भरलेलं. त्या दुष्काळात काठोकाठ. आणि त्या पाण्यावर माझी लाल-पांढरी-निळी वर्तुळं, कडा मुडपून, साईसारखी तरंगत होती.

आत्याबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर, मी खोटं लिहिणार नाही, कौतुक होतं.

"तुजं बी ठिवलं," त्या म्हणाल्या. "दोन वरसं हात चालतुया तुजा, मंग ते हत्यारच की. धुतल्याबिगर देवापुढं कसं ठिवायचं?"

तुमचे आजोबा खुर्चीत बसले होते. शेजारीण दसऱ्यासाठी तोरणाची पानं घेऊन दारात उभी होती. मी त्या दोघांसमोर, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी माझ्या वस्तूला हात लावू नये."

आजोबा म्हणाले, एवढ्याशा कागदासाठी? शेजारीण पानं ठेवून गेली. आत्याबाईंनी घंगाळात पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं की ते काय तरंगतं आहे. त्यांनी बोटानं एक वर्तुळ उचलायचा प्रयत्न केला, ते फाटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं माजं."

इथवरची गोष्ट मी पुढे बऱ्याच जणींना सांगितली आहे, अडाणी सासूची गोष्ट म्हणून, आणि त्या हसल्या आहेत. याच्यापुढचं कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी मी विमान घेऊन क्लबात गेले. तोच श्रीरामपूरचा पेंटर तिथे स्वागताची पाटी रंगवत बसला होता. त्यानं विमान हातात घेऊन बघितलं, काय झालं ते विचारलं. मग म्हणाला, "द्या इकडं, ताई. लाल, पांढरा, निळा, तिन्ही डबे उघडेच हायेत. गोल मारून देतो, पाच मिनिटांचं काम." त्याचा हात इतका स्थिर होता की कुणाला कळलंही नसतं. मी नको म्हटलं.

का नको म्हटलं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. खुणा परत आल्या असत्या तर माझं नुकसान झालंच नसतं, आणि मग मी जे बोलले होते ते कशाच्या जोरावर बोलले? मला माझा राग जसाच्या तसा हवा होता. नोकरीपेक्षाही तो मला जास्त हवा होता.

दसऱ्याला बॉयलर पेटला, नारळ फुटले, परीक्षक आले. ते नगरच्या छावणीतले एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी विमान उचललं, एरियलची तार न्याहाळली, काम सुबक आहे म्हणाले. मग उलटंपालटं करून विचारलं, "पण हे कोणाचं? बिनखुणेचं विमान तर आपलीच माणसं पाडतील." हेडमास्तर हसले. बक्षीस साबणात कोरलेल्या मंदिराला मिळालं. तुमच्या आजोबांनी हेडमास्तरांचा विषय पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. ठरल्याप्रमाणेच झालं होतं. शाळेत त्या दिवाळीनंतर दुसरी कुणी रुजू झाली.

मी पुन्हा किट उघडलं नाही. आत्याबाईंनी पुन्हा माझ्या खोलीत पाऊल टाकलं नाही. काही हवं असेल तर उंबऱ्याबाहेर उभ्या राहून मागायच्या. खेळण्यांचा टोमणाही बंद झाला, आणि तो ऐकू येईनासा झाल्यावर घर जास्तच वाईट वाटू लागलं.

दीड वर्षानं तुमची आई झाली. मला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आत्याबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तो ओवाळून टाकला, पदराला हात पुसले आणि नातीकडे बघत मला विचारलं, "हात लावू का?"

मी म्हटलं, लावा ना.

त्यानंतर त्या पंधरा वर्षं जगल्या. तुमच्या आईला त्यांनीच वाढवलं, तिची वेणी त्यांनीच घातली. पण माझ्या हातातून मूल घेताना दर वेळी विचारायच्या, हात लावू का? पुढे तिची पुस्तकं उचलतानाही विचारायच्या. दर वेळी मी लावा ना म्हणायची. विचारू नका, असं मी कधीही म्हटलं नाही. ते म्हणायला वेळ नव्हता असं नाही. सुरुवातीला ते ऐकून मला बरं वाटायचं, नंतर लाज वाटायची, आणि लाजेनं तोंड उघडत नाही हे मी त्या पंधरा वर्षांत शिकले. आजोबांच्या हसण्याचा मला अजून राग येतो. पण त्यांनी फक्त हसून घेतलं, बोलले मी.

पहिली तीन विमानं बदल्यांच्या सामानात मोडली. चौथं कपाटात आहे. त्याची तार शाबूत आहे, चाकं फिरतात. पंखांवर खुणा नाहीत, आणि नाकाखाली आकाशी रंगावर हळदीचा एक पिवळा डाग आहे, तो निघत नाही.