शहापूरच्या गिरणीतली कणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी पायात काटा मोडला तरी दोनदा सांगतो. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. दुपार मोकळी आहे, तब्येत बरी आहे, आणि तुम्ही ऐकून घेणाऱ्यातले दिसता.

आधी एक सांगून ठेवतो, मी काही दुःखी माणूस नाही. मुरबाडला घर आहे, दारात फणस आहे. इंजिनाच्या धडधडीने एक कान गेला, तेवढा सोडला तर तक्रार करावी असं काही नाही. ज्याचं मन खातं त्याला झोप लागत नाही म्हणतात ना? मला लागते. छान लागते. तेही आज कबूल करून टाकतो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी मी मुरबाडच्या भाताच्या गिरणीत मिस्त्री होतो. शेठची दुसरी गिरणी शहापूरला. दोन्हीकडे इंजिन तेच, भाताचं टरफल काढणारा हलर तोच, भातही आसपासच्याच शेतांतलं. पण माझा तांदूळ अख्खा उतरायचा, आणि शहापूरच्या तांदळात नुसती कणी. शेठ मूठभर तांदूळ तळहातावर पसरून म्हणायचे, मुरबाडच्या मिस्त्रीच्या हातात कसब आहे. मी खाली बघायचो. लाजून? छे. तशी सवयच लावून घेतली होती.

कसब माझं नव्हतंच. ते भागीचं होतं. भागी म्हणजे ठाकरवाडीतून आमच्या खळ्यावर भात वाळवायला येणारी बाई. दिवसभर उन्हात पायांनी भात परतत फिरायची. मी नवा होतो, उन्हातलं गरम भात तसंच हलरमध्ये ओतायला निघालो, तेव्हा तिने पाटी धरून ठेवली. "आज नको घालू रे. त्याच्या पोटात ऊन हाय, तडकंल. आज झाकून ठेव, उद्या घाल." मला हसू आलं, पण ठेवलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ बघितला आणि हसू गेलं. तिने हे मला साधी विडीही न मागता सांगितलं होतं. आणि शेठनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं असेल? — की हलरचा स्क्रू किती आवळायचा, ते मला बरोबर कळतं.

पण मला सांगायचंय ते हे नव्हे. हे त्यामानाने लहान. थांबा — येतो तिथवर.

शहापूरला दगडू मिस्त्री होता. माझ्याच वयाचा, कामाला वाघ, तोंडाने अगदी गरीब. एक दिवस शेठनी मला बोलावलं. म्हणाले, गिरण्या दोन असल्या तरी मालक एकच ना? मग एका मिस्त्रीला येतं ते दुसऱ्यालाही यायला हवं. जा, तुला येतं ते सगळं दगडूला शिकव. या हंगामात त्याची कणी कमी झाली नाही, तर मी त्याला ठेवणार नाही. म्हणजे बघा — त्याची नोकरी कशावर टांगलीय, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

किन्हवलीवरून बैलगाडीने मी तीनदा गेलो. आणि शिकवलंही — स्क्रू, पातं, पट्टा, इंजिनाचा वेग, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. दगडू भिंतीवर खडूने खुणा करून घ्यायचा, मला अहो-जाहो करायचा. सकाळी काम दाखवताना मी भात उचलायचो ते मात्र मुद्दाम शेडमधलं, आदल्या दिवशीचं उरलेलं. तांदूळ अख्खा उतरायचा. सगळे माना डोलवायचे. दुपारी माझी गाडी निघाली की दगडू खळ्यावरचं तापलेलं भात आणून ओतायचा, अगदी माझ्या खुणांबरहुकूम — आणि पुन्हा कणी.

एक वाक्य होतं हो. भागीने मला सांगितलं तेवढंच. ते मला सुचलं नाही असं नाही; तीनही वेळा जिभेवर आलं आणि तीनही वेळा मी ते गिळलं. मला ते एकट्यालाच यायला हवं होतं.

हंगाम संपला आणि शेठनी दगडूला काढलं. दोन्ही गिरण्या माझ्याकडे आल्या. शहापूरला पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, वाळलेलं भात एक रात्र गोणपाटाखाली ठेवायचं. का, म्हणून कुणी विचारलंही नाही. निघताना दगडूने मला स्वतः कानशीने घासून बनवलेला पाना दिला. म्हणाला, "तुमी मन लावून शिकवलंत, मिस्त्री. माझ्याच हाताला आलं नाय." मी पाना घेतला. चांगला होता, बरीच वर्षं वापरला.

इथेच संपलं असतं, तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं.

लढाई संपल्यावर तो मला आसनगाव स्टेशनबाहेर भेटला. गवताच्या गासड्या वाहायचा. यंत्राला त्याने त्यानंतर हात लावला नव्हता. मला बघून त्याला खरंच आनंद झाला — हात धरून चहाच्या दुकानात नेलं, बरोबरच्या हमालांना सांगितलं, हे माझे गुरू. मलाही बरं वाटलं. हो, वाटलं; तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मग ते लोक उठून गेले आणि त्याने हळूच विचारलं, "एक सांगा मिस्त्री. माझं चुकत काय होतं?"

आता माझं काय जाणार होतं? शेठ थकले होते, गिरण्या माझ्या हातात होत्या. आता तो पुन्हा मिस्त्री होऊन माझ्या वाटेत येणार थोडाच होता! आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

मी म्हणालो, "स्क्रू जरा जास्त आवळायचास."

"वाटलंच मला," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.