ट्रॅक्टरमागची खोली

माझ्या साडूंइतका हळू माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नाही आणि आता होणारही नाही. ते दाढी करायला बसले की एक गाल होईपर्यंत आरशावरचं ऊन सरकून जाई. ‘राम राम’ म्हणायचे तेव्हा पहिल्या रामानंतर दुसरा राम येईस्तोवर समोरच्या माणसाची बस सुटलेली असे. लग्नानंतर पहिल्यांदा मी अल्लीपूरला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा फाटकात उभं राहून त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. मग ते म्हणाले, “या.” यंदाच्या श्रावणात एका दुपारी ते आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटंही लागली नसतील. आयुष्यात दोनच गोष्टी त्यांनी घाईने केल्या, त्यातली ही दुसरी. पहिलीच्या वेळी मी त्यांच्याबरोबर होतो.

साडू शेतकरी. बैलांची शेवटची जोडी म्हातारी होऊन गेली तेव्हा ते महिनाभर कोणाशी बोलले नाहीत, आणि मग एक छोटा ट्रॅक्टर घेऊन आले. कपाशीच्या दोन ओळींमधून तण काढत, डवरणी करत जाईल एवढाच अरुंद, दुरून पाहिला तर खेळण्यातला वाटावा असा. बैलांशी वागण्याच्या सगळ्या रीती त्यांनी त्या लोखंडाला लागू केल्या. दुपारी अकराला ट्रॅक्टर सावलीत सुटला पाहिजे. चढावर त्याला शिवी द्यायची नाही, जिभेने टकटक करायचं. पोळ्याला त्याच्या बॉनेटवर झूल, दिव्यांना बेगड, आणि त्या दिवशी किल्ली देवापाशी. शेजाऱ्याने एकदा पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टर मागितला, तर म्हणाले, “आज त्याचा सन हाय जी. आज तुमी त्याले मागता, तुमाले कोनी दिवाळीले कामावर बलावलं त चालन का?” शेजारी हसत गेला आणि गावभर सांगत सुटला. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. लोकांचं हसणं त्यांच्यापर्यंत पोचायलाही वेळच लागत असावा.

मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्तीच्या वर्षी जुनी मासिकं निकालात काढत असताना साडू मला भेटायला आले आणि ढिगातलं एक परदेशी मासिक उघडून बसले. त्यात एक छायाचित्र होतं. टोपी घातलेला एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसला आहे आणि त्या यंत्राच्या मागे चाकांवरचं एक अख्खं पांढरं घर आहे, पडदे लावलेलं. साडू ते अर्धा तास पाहत होते.

“हे गवत कापाची मशीन व्हय न?”

“हो.”

“अन् मागं घर हाय.”

“सहलीचं घर. तिकडे मोटारीमागे लावून हिंडतात. हा माणूस ते नुसतं अंगणातल्या अंगणात हलवतो आहे.”

“गवत कापाच्या मशीननं घर ओढून राह्यला बुढा,” साडू म्हणाले. “मंग माह्या ट्रॅक्टरले काय झालं?”

मी हसलो. पान फाडून त्यांना दिलं. ग्रंथपालाने आयुष्यात फाडलेलं ते एकमेव पान, आणि ते मी दिलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

त्या घराची त्यांना गरज का होती, ते सांगायला हवं. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. ताईंना गाडी लागते. लागते म्हणजे नुसती मळमळ नव्हे. बस डेपोतून बाहेर पडायच्या आत त्या पांढऱ्या पडत, आणि एकदा तर अर्ध्या रस्त्यात उतरवून सलाईन लावावं लागलं. मोटारीत तेच, ऑटोत तेच. पवनारचं माहेर त्यांना त्यामुळे परदेशासारखं झालं होतं. दरवर्षी भाऊबीजेला त्यांचा थोरला भाऊ, दादा, काखेत साडीचं पुडकं घेऊन बसने अल्लीपूरला यायचा आणि ओवाळून घेऊन जायचा. मग दादाला लकवा मारला आणि येणं बंद झालं. तीन भाऊबीजा फोनवर गेल्या. गेल्या पावसाळ्यात दादाची तब्येत आणखी उतरली, आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. तेव्हा ताई साडूंना म्हणाल्या, “या भाऊबीजेले मले दादाले ओवाळाचं हाय. कसंई करा, पन मले न्या.”

साडूंनी एवढं पाहून ठेवलं होतं की शेतात ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून जाताना ताईंना कधी काही होत नाही. बैलबंडीतही होत नसे. वेग त्यांना सोसत नव्हता, आणि वेग सोडून बाकी सगळं साडूंकडे होतं. त्यांनी हिंगणघाटच्या भंगारातून पाण्याच्या टँकरचा दोन चाकी सांगाडा आणला आणि त्यावर पत्र्याची खोली उभारली. आत बाज, गॅसची शेगडी, माठ, एक खिडकी, खिडकीला ताईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा. बाहेरून निळा रंग. गाव येऊन पाहून जाई. “काय जी, निवडनुकीची गाडी व्हय का?” “नाई रे, बुढा बुढीले घेऊन हनिमूनले चालला.” साडू ब्रश हातात धरून, सावकाश विचार करून म्हणाले, “मंग? तुह्या बापानं नेलं होतं का कधी तुह्या मायले?”

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आम्ही अल्लीपूरहून निघालो. त्या मासिकाच्या पापाची भरपाई म्हणून मी बरोबर होतो. माझी बायको आदल्याच दिवशी बसने पवनारला पोचली होती. फाटकातून बाहेर पडताच खोली मागे जड होऊन कलली आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटायला लागली, कारण ताईंनी चिवडा, अनारसे, नवे तांदूळ असं माहेरचं सगळं मागच्या भिंतीला लावून ठेवलं होतं. साडू उतरले, पाहिलं आणि मला म्हणाले, “पुस्तकवाले, तुमी पुढं बसा. शिकलेल्या मानसाचं वजन कामी येऊ द्या.” मी खोली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या धुरेवर बसलो; पण जेमतेम पन्नास किलोचा, शेवटी माझ्या मांडीवर तांदळाचं पोतं दिलं, तेव्हा गाडी समतोल झाली. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. सुनेला माहेरी सोडायला निघालेला एक बैलबंडीवाला बराच वेळ बरोबरीने चालला, गप्पा मारल्या आणि मग कंटाळून पुढे निघून गेला.

ताई खिडकीशी बसून होत्या. दुपारी साडूंनी ट्रॅक्टर सोडून सावलीत उभा केला, तेव्हा मी विचारलं, “त्रास नाही ना होत?”

“नाई जी,” त्या म्हणाल्या. “मले रस्ता दिसून राह्यला. एवढ्या वर्षांत माहेरचा रस्ता मी पाह्यलाच नाई. डोकं सारखं पिशवीत.”

ती रात्र आमच्या वर्ध्याच्या घरी काढून भाऊबीजेच्या सकाळी पुन्हा निघालो. वर्ध्याहून पवनार हमरस्त्याने अगदी जवळ, पण त्यावर नागपूरचे ट्रक धावतात. साडू म्हणाले, सेवाग्रामकडून जाऊ. तिथे एका झाडाखाली ट्रॅक्टर विसाव्याला उभा होता, तर एक म्हातारी पदर सावरत आली आणि खिडकीतून ताईंना म्हणाली, “बाई, बीपीची गोळी हाय का?” निळी गाडी पाहून तिला ती दवाखान्याची वाटली होती. ताई म्हणाल्या, “गोळी नाई वो, चिवडा हाय.” म्हातारीने क्षणभर विचार केला. “मीठ कमी हाय न त्यात?” मूठभर चिवडा घेऊन, आशीर्वाद देऊन ती गेली. ताई कितीतरी वेळ हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हणालो, “साडू, चला आता. दादा वाट पाहत असतील.” ते म्हणाले, “भाऊबीज संध्याकाळपर्यंत राह्यते जी.”

पुढे त्यांनी डांबरी रस्ता सोडला आणि एका पांधणीत ट्रॅक्टर घातला. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, मधून बंडीपुरती वाट. “माहं वऱ्हाड ह्याच पांधनीनं गेलतं पवनारले,” ते ताईंना ओरडून म्हणाले. “आठवते का?” ताईंना आठवत होतं की नाही कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, “आठवते न.” चाळीस वर्षांत ती पांधण बदलली होती. अर्ध्या कोसावर नाल्याची मोरी वाहून गेली होती आणि पलीकडे नुसती बाभळीची रानं. परत फिरणं भाग होतं, आणि तेव्हा मला कळलं की साडूंना मागे जाता येत नाही. नुसता ट्रॅक्टर मागे घेता येत होता; पण खोलीसकट मागे जायचं तर चाक डावीकडे वळवलं की खोली उजवीकडे जाते, आणि हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. बंडीवाल्याला ते कधी लागलंच नाही. बंडी फिरवायची तर बैल सोडायचे आणि चार माणसांनी धुरा उचलून फिरवायची. तेच त्यांनी केलं. ट्रॅक्टर सोडला, धुरा मी आणि त्यांनी उचलली. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. काळी माती लोण्यासारखी होती. खोली अर्धी फिरली आणि एक चाक कुंपणाच्या नालीत बसलं ते बसलंच. सणाचा दिवस. शेतात माणूस नव्हतं.

साडेचारला माझ्या बायकोचा फोन आला. “कुठवर आले? दादा सकाळपासून दाराकडं पाहून राह्यले.” मी सांगितलं. मग साडूंना म्हणालो, “सेवाग्रामहून ऑटो बोलावतो. पांधणीच्या तोंडापर्यंत ताईंना धरून नेऊ. पंधरा मिनिटांत पोचतील.” ताई दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पायात चपला घातल्या होत्या.

साडू गुडघाभर चिखलात होते. “एवढं तिले सुखरूप आनलं,” ते म्हणाले, “अन् आता ऑटोत कोंबू? दादापुढं ओकत नेऊ? सकाळी मोठा ट्रॅक्टर आनतो. आठ वाजता पोचवतो.” त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग चपला काढल्या. “जाऊ सकाळी,” त्या म्हणाल्या. “दादा कुठं पळून जाते?” मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

सूर्य बुडाल्यावर बाभळींच्या वर बीजेची कोर दिसली, नखाएवढी. साडू हळूच म्हणाले, “चंद्राले ओवाळून घे न.” ताई म्हणाल्या, “ज्याले भाऊ नाई, ते चंद्राले ओवाळते. मले भाऊ हाय.” त्यांनी निरांजन पेटवलं नाही. ताट तसंच झाकून ठेवलं.

दादा पहाटे गेला. फोन मला आला. मी साडूंना पांधणीत थोडं दूर नेऊन सांगितलं. ते खोलीत जाऊन ताईंशेजारी बसले. सातला जवळच्या वाडीवरचा मोठा ट्रॅक्टर आला आणि त्याने पाच मिनिटांत आम्हाला उलटं ओढून बाहेर काढलं. डांबरी रस्ता लागल्यावर साडूंनी गिअर टाकला तो सगळ्यात वरचाच. हमरस्त्यावर, ट्रकांच्या मधून, तो खेळण्यासारखा ट्रॅक्टर थरथरत धावत होता आणि मागे पत्र्याची खोली आदळत होती. मी ओरडलो, “हळू, हळू!” त्यांना ऐकू गेलं नाही. ताई खिडकीतून बाहेर वाकून ओकत होत्या आणि एका हाताने मला खुणावत होत्या, की नको, थांबवू नका.

त्या दिवसाबद्दल घरात कोणी साडूंना बोललं नाही. माझी बायकोही नाही, ताई तर नाहीच. मे महिन्यात मी अल्लीपूरला गेलो, तेव्हा ते रिकाम्या शेतात ट्रॅक्टरला खोली लावून मागे जात होते. जमिनीत दोन पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, रोवलेल्या, त्यांच्या मधून खोली उलटी न्यायची. एखादी पऱ्हाटी पडली की उतरून पुन्हा रोवायची. ताई म्हणाल्या, दिवाळीनंतर कापूस निघाला तेव्हापासून रोज चाललं आहे. मला पाहून त्यांनी हात केला आणि सगळं शेत उलटं कापत खोली सरळ आणून मागच्या दाराशी लावली. भिंतीपासून वीतभर अंतर.

“आली न सरळ?” त्यांनी ताईंना विचारलं.

“आली.”

“आता येते मले.”

“येते न. मी रोज पाह्यते.”

ते सीटवरून उतरले नाहीत. चाकावर हात ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तिले त्या दिवशी ऑटोत पाठवाले पायजे होतं जी.”

ताईंनी पुढे होऊन त्यांच्या दंडाला धरलं. “उतरा,” त्या म्हणाल्या, “चहा झाला.” चहा त्यांनी घरात नेला नाही, खोलीतच आणला. आम्ही तिघं बाजेवर बसलो, दार उघडं ठेवून. बाहेर शेतावर ऊन होतं. साडू बशीत चहा ओतून, फुंकर घालून, थांबून, पुन्हा फुंकर घालून पीत होते. ताईंचा कप केव्हाच रिकामा झाला होता. एरवी त्या कप उचलून आत गेल्या असत्या. त्या दिवशी रिकामा कप हातात धरून त्यांचा संपेपर्यंत बसून राहिल्या.