बाजेखालच्या दोन शेगड्या

लेक बाळंतपणाला बावधनहून आमच्याकडं, भरे गावी आली तेव्हाची गोष्ट. नातू जरा कमी वजनाचा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळाला धूर लागता कामा नये. पण आमच्यात बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी लागतेच, शेकाशिवाय भागत नाही. मग वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, तोडगा काढला. विजेची कॉइलची शेगडी. धूर नाही, राख नाही, बाजेखाली सरकवली की झालं.

मला मात्र पहिल्या दिवसापासून तिची धास्ती. मी शाळा चौथीतच सोडली, पण लेक दहावीला होती तेव्हा तिचं विज्ञानाचं पुस्तक तिच्यापेक्षा मीच जास्त वाचलं असेल. त्यामुळं एवढं पक्कं ठाऊक : व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट, आणि भागलं की रोध, म्हणजे तार विजेला किती अडवते ते. शेगडीवर छापलेलं होतं, दोनशे तीस व्होल्टला दोन हजार वॅट. म्हणजे पावणेनऊ अँपिअर. दोनशे तीसला पावणेनऊनं भागा, रोध आला सव्वीस. आणि त्या खोलीची वायर कसली? एक पंखा, एक ट्यूब आणि मोबाईलचा चार्जर, एवढ्यापुरती ओढलेली.

झालं असं, की शेगडी धड तापेचना. पिरंगुटकडच्या कंपन्या चालू असल्या की आमच्याकडं व्होल्टेज पडतं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसायचा एकशे सत्तर.

"वैनी, ही शेगडी हाय का देवापुढची समई?" वन्सं वैतागल्या.

"अवो वन्सं, एकशे सत्तरला सव्वीसनं भागलं तर साडेसहाच अँपिअर येत्यात. दोन हजाराची शेगडी अकराशेवर चाललीया, तापंल कशी?"

"तुमच्या भागाकारानं पोरीचं अंग शेकतं व्हय? दुसरी आणा."

दुसरी आली. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्या. फ्यूज एकदा उडाला, परत उडाला. मला बरंच वाटलं, म्हटलं राखणीला कुणीतरी हाय. मग उडायचा थांबला. मी समजले, व्होल्टेज आणखी पडलं असेल.

त्या दिवशी दुपारी मी आणि हे विहिरीवर गेलो. यांनी मोटर चालू केली. स्टार्टरवरचा व्होल्टचा काटा एरवी तीनशेवर लोळत असतो. तो थेट सव्वाचारशेवर गेला.

"आज मोटरीला लई जोर हाय गं," हे खुशीत म्हणाले. "गुरुवार न्हवं का. कंपन्या बंद."

मोटर आणि घर एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. हितं तीन फेजला सव्वाचारशे, म्हणजे घरात एका फेजला दोनशे पंचेचाळीस. शेगडीचा रोध तोच, सव्वीस. एका शेगडीला सव्वानऊच्या वर, दोन्हींना मिळून अठराच्या वर अँपिअर. साडेचार हजार वॅट, आणि वर बाजेवर लेक नि नातू.

"अवो, खोलीतली वायर जळंल!" मी म्हटलं आणि लगेच स्वतःलाच समजावलं, "पर फ्यूज उडंल म्हणा."

"आता न्हाई उडायचा," हे हसले. "फ्यूजला दोन पदरी तार घातलीया म्या. सारखा उडतोय म्हणून ताई वरडत हुती."

मी लेकीला फोन लावला. ती उचलेना, बाळ दचकतं म्हणून आवाज बंद ठेवायची. वन्संनाही लावला, नुसता वाजत राहिला. मग मी धावत सुटले. पायातल्या चपला कुठं राहिल्या कुणास ठाऊक. बांधावरून जाताना डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, बाजेवरून खाली लोंबणारी गोधडी.

अंगणातच वास आला, जळक्या प्लास्टिकचा. खोलीचं दार लोटलेलं, खिडकीला वारा नको म्हणून चादर. ओटीवरचा मेन स्विच मी आधी खाली ओढला आणि मग दार ढकललं. आत कोंदट अंधार. बाजेखाली दोन्ही कॉइली अजून लालभडक, गोधडीचं टोक त्यांच्यापासून वीतभर. एक्स्टेन्शन बोर्ड तपकिरी पडून वितळलेला. भिंतीवरची वायरीची प्लास्टिकची पट्टी मऊ होऊन खाली वाकली होती, नेमकी लेकीच्या डोक्यावर.

लेक घामानं निथळत झोपलेली. बाळ हालत नव्हतं. मी त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागतोय की नाही, कळेना. मग त्यानं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

"काय झालं गं आई?" लेक उठली.

"काय न्हाई. लाईट गेली."

मागच्या अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या वन्सं रडणं ऐकून आल्या. त्यांनी वर पट्टीकडं बघितलं, खाली बोर्डाकडं बघितलं. मागून हे धापा टाकत आले. "आता पोरीच्या नि बाळाच्या शेकाचं?" त्यांनी हळूच विचारलं. वन्संनी बाळाला उचललं, पदराखाली पोटाशी धरलं आणि भावावर खेकसल्या, "म्या हाय की हितं, जिती!"

मी ओटीवर गेले. फ्यूजची तार जिच्यात बसवतात ती पांढरी कुपी उपसली आणि कमरेला खोचली. वायरमननं येऊन नवी जाड वायर ओढेपर्यंत कुणाच्या हाती दिली नाही. फ्रिजमधलं दूध नासलं. म्हटलं, नासू दे.