जवसाचं तेल

लाकूड चिरताना मी वर आणि माझा सोबती खाली, अशी आमची वीस वर्षांची जोडी. खोड खड्ड्यावर आडवं ठेवायचं. वरचा खोडावर आखलेली रेघ सांभाळतो, खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडतो. तो माझ्याहून ठेंगणा म्हणून खाली, एवढंच कारण. डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं, भुसा थांबला नाही तर उरलीसुरली नजरही जाईल. त्याच महिन्यात आमची करवत सागातल्या खिळ्यावर मोडली. मला वाटलं, देवच पावला. ठरवलं, आता हातानं ओढायची करवत नाही, चिरायची चकती फिरवणारं इंजिन आणायचं.

कारंज्याला एका मिस्त्रीकडे दोन जुनी इंजिनं होती. एकाला झडपा होत्या, ते चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटे. दुसरं दर फेरीला पेटे. मिस्त्री उलगडून सांगत होता, मी नंदीबैलासारखी मान हलवत होतो. माझ्या सोबत्यानं चाकावर हात ठेवला, कान दिला आणि दुसरं निवडलं.

"खाली येताना जोर, वर जाताना रिकामं," तो म्हणाला. "आपल्या करवतीवानीच हाय गड्या."

निघताना मिस्त्रीनं बजावलं, "तेल इंजिनाचंच टाका. घरचं नोका टाकू."

तो पावसाळा बरा गेला. सोबती लिंबाखाली बसून नुसत्या आवाजावरून सांगे, पट्टा ढिला झाला. डोळ्यांची लाली उतरली होती. मी स्वतःवर फार खूश होतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांना जवसाचं तेल लावायचं, ही आमच्या घरची रीत. वर्षाच्या सणाला इंजिन तेवढं उपाशी ठेवायचं? मला कसंसंच वाटलं. मी इंजिनावरची तेलाची कुपी जवसाच्या तेलानं काठोकाठ भरली आणि दसऱ्यानंतर दिवसभर इंजिन चालवलं. पुढचे आठ दिवस मी मानोऱ्याकडे लाकूड आणायला गेलो. परतलो तर चाक हलेना. मी पहार लावून जोर केला आणि आत दांडा मोडला. जवसाचं तेल वाळून चिकट होतं, हे मला ठाऊक नव्हतं म्हणावं तर जन्मभर दारं त्यानंच चकाकवली. लढाईचे दिवस, विलायती सुटा भाग कुठून मिळणार? गावात मी सांगत सुटलो की मिस्त्रीनं भंगार गळ्यात मारलं.

सोबती आला. त्यानं कुपीत बोट घातलं, नाकाशी नेलं. माझी मान आपोआप खाली गेली. तो एवढंच म्हणाला, "नवी करवत पाह्य."

करवत आणली तेव्हा मी काकुळतीला आलो. "या बारीनं तू वर राह्य. मी खाली उतरतो."

"वर राहून काय करू?" तो म्हणाला. "मले रेघ कुठी दिसते?"

आणि खड्ड्याची कड चाचपत तो खाली उतरला.