न चाखलेला नैवेद्य

डोळ्यांबद्दल विचारलं की दादा खेकसायचा. साखरेने डावा डोळा गेलेला, उजव्याचंही काही खरं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, आणि हा बाबा म्हणे, ‘उजवा ठणठणीत आहे. तू तुझं बघ!’

नव्वदच्या सुमारास आम्ही दोघं भावंडं कोपरीतल्या एका छोट्या कंपनीत होतो, राहायला डोंबिवलीत. दादाने तिथे कंपायलर लिहिलेला, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या आकड्यांत उतरवणारा प्रोग्रॅम. तो युनिक्सच्या मोठ्या मशीनवर चालायचा आणि त्याच मशीनपुरतं काम करायचा. मग डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याने डॉसची स्वस्त मशीनं घेतली. आमचे मालक म्हणाले, कंपायलर इथेच राहू दे, पण त्यातून डॉसवर चालेल असा प्रोग्रॅम काढून दे. दादाने हो म्हटलं. घरी आल्यावर मला म्हणाला, ‘तेवढं त्या पडद्यावर चालताना माझ्या डोळ्यांनी बघायचंय गं. मग काय व्हायचं ते होऊ दे.’ मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

ह्या कामाची गोम अशी, की इथे तयार केलेलं इथे चालवून बघता येत नाही. फ्लॉपी घेऊन कारखान्यात जायचं, तिथेच काय ते कळणार. ‘आई नैवेद्याचं चाखते का? तसंच हे,’ दादा म्हणायचा. आईचा नैवेद्य कधी खारट झाला नाही. आमचा मात्र दर खेपेला. प्रोग्रॅम सुरू केला की मशीन ठप्प! कारखान्यातली माणसं तोंडावर हसायची. दादा महिनोन् महिने आपल्याच कंपायलरला उकरत बसला. शुक्रवारी एमआयडीसीची वीज बंद, म्हणून कारखान्याची खेप नाही; तेवढाच एक दिवस त्याला घरी आराम.

शेवटी चिडून मीच, तिथे पोचलेल्या फाइलीचे आकडे छापून आणले. ‘डोळ्याला विश्रांती दे, मी वाचते,’ म्हटलं. तो लगेच कबूल झाला, याचं मला नवल वाटलं. स्वयंपाकघरात बसून मी थोडे आमच्या फाइलीतले आकडे वाचायचे, मग तेवढेच तिथले. एकदम त्याने हात वर केला.

‘थांब. आपल्याकडे नुसता दहा होता. तिथे दहाच्या आधी तेरा कुठून आला?’

पुढच्या दहाच्या आधीही तेरा. सगळीकडे तेच. कंपायलर बिचारा निर्दोष होता. डॉसमध्ये मजकुराची ओळ तेरा आणि दहाने संपते; तिथे फाइल उतरवून घेणारा प्रोग्रॅम आमच्या फाइलीला मजकूर समजून तेरा घुसडत होता. युनिक्सवर जन्म काढलेल्या दादाला अशी शंका यायची कशी? त्याच्या लेखी फाइल म्हणजे फाइल. ‘अरे देवा, एवढ्यासाठी डोक्याचं भजं करून घेतलं मी!’ तो हसला.

शनिवारी मी त्याला कारखान्यात घेऊन गेले. रिक्षातून उतरताना त्याने माझा दंड घट्ट धरला. रस्ता खड्ड्यांचा, मला काही वाटलं नाही. टेबलावर दोन मशीनं होती, त्यातलं एक बंद. त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं, फाइल जशीच्या तशी उतरवून घेतली आणि प्रोग्रॅम सुरू केला. रंगांची नावं हिरव्या अक्षरांत भराभर उमटायला लागली.

‘चाललं रे दादा! बघ, बघ ना!’ मी ओरडलेच.

दादा पुढे वाकला, बंद मशीनच्या काळ्या काचेकडे. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

‘दिसलं गं,’ तो म्हणाला. ‘झकास दिसतंय.’

मी ‘हो’ म्हटलं.