काबा डाव्या हाताला

तिसऱ्या फेरीनंतर दोघी नरे पार्कच्या फाटकाशी घोटभर पाणी प्यायल्या, आणि पुन्हा निघताना वासंती परत चुकली. मैदान उजव्या हाताला ठेवून तिचे पाय आपसूक चालू लागले. कुलसुमने तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं.

"अगो, इकडून! काबा डाव्या हाताला."

"साठ वर्षं देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घातल्या. पायांना काय सांगू?"

"सांग, आज कुलसुमकडे पाहुणे आलात. यजमानाच्या रीतीने वागा."

समोरून येणारे गंगाधरभाऊ बाजूला झाले आणि कुलसुमला म्हणाले, "परकार सिस्टर, सगळं मैदान एका बाजूने आणि तुम्ही दोघी उलट्या!"

"तिथे लाखो माणसं याच बाजूने फिरतात, भाऊ. उलटे तुम्ही!"

गंगाधरभाऊ हसले, पण वासंतीचं लक्ष कुलसुमच्या डाव्या गुडघ्याकडे होतं. पंधरा दिवसांनी कुलसुमचं हजचं विमान होतं, मुलगा इलियास बरोबर जाणार होता. त्याने तिथे आईसाठी चाकाची खुर्ची आणि ती ढकलायला एक माणूस ठरवून ठेवला होता. कुलसुम ऐकेना. शेवटी तो म्हणाला, "अम्मी, एकदाही न बसता मैदानाला सात फेऱ्या घाल. खुर्ची रद्द. पण वासंतीमावशी सांगेल तेच खरं." लहानपणी आई कामावर असली की इलियास वासंतीकडेच पाढे म्हणत बसायचा, त्यामुळे मावशीच्या शब्दावर त्याचा भरवसा होता.

म्हणून आज वासंती मोजत होती.

"माझ्या नानीने खेडच्या घरात मला पश्चिमेची भिंत दाखवली होती," कुलसुम चालता चालता म्हणाली. "म्हणाली, पोरी, समुद्रापलीकडे त्या बाजूला अल्लाचं घर. जगात कुठेही असलीस तरी नमाजाला तोंड तिकडे. तेव्हापासून ती दिशाच बघत आले. तुझ्याकडे राहायला आले तरी आधी विचारायचे, पश्चिम कुठे? आता खरोखर ते घरच समोर असेल, वासंती. तिथे खुर्चीत बसून जाऊ?"

 गाभाऱ्याच्या दारात आपले डोळे का भरून येतात, ते वासंतीलाही कधी कुणाला सांगता आलं नव्हतं.

चौथी फेरी झाली. कुलसुमचा आवाज बारीक झाला, तरी ती बोलत राहिली. काब्याच्या फेऱ्या झाल्या की सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा करायच्या. का, तर हाजराबीबी तिथे वाळवंटात एकटी, कडेवर तान्हा इस्माईल, पाणी संपलेलं. बाळाला खाली ठेवून या टेकडीवरून त्या टेकडीवर ती धावली, कुणी दिसतं का बघायला. सात वेळा. आणि झरा फुटला तो बाळाच्या पायाशी. तोच झमझम.

"एका आईची धावपळ गं. आता राजा असो नाहीतर हमाल, हजला गेला की ती करावीच लागते."

वासंतीला महापालिकेचं प्रसूतिगृह आठवलं. लेकीच्या, इरावतीच्या वेळी ती कळा देत होती आणि कुलसुम, कडक पांढऱ्या कपड्यांतली नर्स, या खाटेवरून त्या खाटेवर पळत होती. एकतीस वर्षं पळाली. गुडघे काय उगाच गेले?

पाचव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर कुलसुमने तोंडातल्या तोंडात "या अल्ला" म्हटलं आणि वासंतीचा खांदा घट्ट धरला. दहा पावलं तशीच चालली. मग फाटकाजवळचा बाक आला आणि ती बसली.

 कुलसुमने ओढणीने तोंड पुसलं, घामही आणि डोळेही.

"जरा दम खा, मग उरलेल्या दोन घालू," वासंती हळूच म्हणाली. "बसलीस ते कुणी बघितलंय? मी सात म्हणून सांगते."

"खोटं सोबत घेऊन कुठे जाऊ गं? अल्लाच्या दारात?"

"मग?"

कुलसुमने गुडघ्यावरून हात फिरवला, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "मौलवीसाहेबांना मी आधीच विचारून ठेवलंय. ज्याला चालवत नाही त्याने खुर्चीत बसलं तरी चालतं. फेरी कबूल होते. आणि ढकलणाराही हजलाच आलेला असेल, तर त्याचीही होते."

"अगं मग रडतेस कशाला?"

"कोण रडतंय? वासंती, माझं एक काम कर. इलियासला तू सांग. पाचच झाल्या, अम्मी बसली, अगदी खरं खरं सांग. खुर्चीला ती तयार आहे म्हणून सांग. फक्त तो परका माणूस नको म्हणावं." तिने वासंतीचा हात दोन्ही हातांत धरला. "त्याला म्हण, खुर्ची तूच ढकल. मी त्याच्याकडे आजवर काही मागितलं नाही, तोंडच उघडत नाही गं माझं. तू मागशील माझ्यासाठी?"