अडतीस इंजिनं

बस डेपोत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण इंजिन सुरू झालं की दहा पावलांवरून सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा नोझल गेलाय." उघडून बघावं तर तिसऱ्याचाच गेलेला असे. एकतीस वर्षं त्यानं डिझेल इंजिनंच दुरुस्त केली.

डेपोच्या भिंतीला लागून प्राथमिक शाळा होती. त्याची बायको तिथे शिकवायची. सकाळी सगळ्या बसगाड्या एकदम सुरू झाल्या की धूर भिंतीवरून वर्गात येई आणि बाई खिडक्या लावून घेत. दहा वर्षांपूर्वी तिला खोकला सुरू झाला, मग दम लागायला लागला, मग पर्समध्ये तोंडात मारायचा पंप आला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "आसपास धूर असतो का कुठे?" ती म्हणाली, "शाळेजवळ असतो." शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मग सरकारचं धोरण आलं. पंधरा वर्षांवरच्या डिझेल बस मोडीत काढायच्या, त्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या घ्यायच्या. नव्या बसला अनुदान मिळणार होतं, पण एका अटीवर. जुनं इंजिन पुन्हा कुठेच चालता कामा नये. ना दुसऱ्या गाडीत, ना जनरेटरला.

डेपो मॅनेजरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला.

"ऑइल काढून टाकायचं, त्या जागी हे द्रावण ओतायचं. मग इंजिन चालू करून अॅक्सिलरेटर दाबून धरायचा. आतून काचेसारखं घट्ट होतं आणि जाम होऊन बंद पडतं. किती मिनिटं लागली ते लिहायचं. खाली सही."

"सही कोणाची?"

"फिटरची. म्हणजे तुमची. नको असेल तर सांगा. बाहेरून माणूस बघतो."

धोरण चुकीचं आहे असं म्हणायला त्याला तोंड नव्हतं. बायकोचा पंप त्याच महिन्यात त्यानं दोनदा आणून दिला होता.

"नको बाहेरचा," तो म्हणाला. "मी करतो."

डेपोत अशा अडतीस बस होत्या. पहिलीचं ऑइल काढलं, द्रावण ओतलं, स्टार्टर मारला. थोडा वेळ इंजिन नेहमीसारखं बोललं. मग आवाज कोरडा झाला, आत लोखंडावर लोखंड घासलं, दोन ठोके पडले आणि सगळं थांबलं. त्यानं फॉर्मवर चार लिहिले. आता आपल्याला आतून काहीतरी होईल, म्हणून तो क्षणभर उभा राहिला. काहीच झालं नाही. तो दुसऱ्या बसकडे गेला. दुपारी डबा पूर्ण संपवला.

तिसऱ्या दिवशी मामांची बस आली. मामा म्हणजे डेपोतला जुना ड्रायव्हर, चौदा वर्षं एकच गाडी चालवलेला. रजा टाकून खास आला होता. त्याच्या डोळ्यांदेखत कानसेननं अॅक्सिलरेटर दाबला. पाच मिनिटं झाली, सात झाली, इंजिन थांबेना. दोन वर्षांपूर्वी ते त्यानं स्वतः पूर्ण उघडून बांधलं होतं. बेअरिंग नवी, रिंगा नव्या. इतकं पक्कं काम झालं होतं, हे तो ऐकत होता.

"चालतीय अजून!" मामा ओरडला. "अरे, सोड तिला!"

त्यानं पाय उचलला नाही. अकराव्या मिनिटाला इंजिन अडकलं.

"माणूस आहेस का दगड?" मामा म्हणाला आणि तोंड फिरवून निघून गेला. त्याच्या मागे न बघता कानसेननं अकरा लिहून सही केली.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "आजवर किती झाली?"

"नऊ."

"रडलात तरी चालेल हो. घरात मीच आहे."

"कशाला? मशिनं होती." आणि त्यानं तिच्याकडे पाणी मागितलं.

बारा दिवसांत काम उरकलं. मग त्याला विजेच्या बसचं प्रशिक्षण मिळालं. मुलीच्या वयाची शिक्षिका शिकवत होती, ते त्यानं वहीत मन लावून उतरवलं, परीक्षाही पास झाला. आता दुपारी परतलेल्या बसला तो केबल लावतो, पडद्यावरचे आकडे बघतो, केबल काढतो. नखं स्वच्छ असतात.

वर्षभरात शाळेच्या खिडक्या उघड्या राहू लागल्या. बायको एकदा जिना न थांबता चढली आणि वरून हसत म्हणाली, "बघा, सुंठीवाचून खोकला गेला!" त्यालाही हसू आलं. चेहऱ्यावर आलं, हे त्याला कळलं. आत काही हललं नाही.

मामानं वेळेआधीच निवृत्ती घेतली होती. पेन्शनच्या कागदासाठी एकदा डेपोत आला, तेव्हा दोघे कँटीनला बसले.

"त्या दिवशी जास्त बोललो मी," मामा म्हणाला. "राग तुझ्यावर नव्हता रे. कोणावर काढायचा तेच कळेना, आणि तू समोर होतास."

"तुम्हाला राग तरी आला, मामा. मला तेही नाही. बायकोला बरं वाटतंय, ते बरोबर झालं, एवढं कळतं. पण वाटत काहीच नाही."

"वाटेल कधीतरी."

"आणि नाहीच वाटलं तर?"

मामानं चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. बाहेर चार नंबरच्या जागेवर एक बस येऊन उभी राहिली, तेव्हा कानसेन उठला. "बसा तुम्ही," म्हणाला, "केबल लावून येतो."